दरीच्या माथ्यावरचें गांव

मननाचा भाग : मत्तय ७ : २४–२७



प्रभूनें डोंगरावरील प्रवचनाच्या शेवटीं दोन घरांचा दृष्टांत सांगितला, तो तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. एकानें खडकावर घर बांधिलें, दुसऱ्यानें वाळूवर. पाऊस दोन्ही घरांवर पडला, पूर दोहोंसही लागला, वाराही सारखाच सुटला. परंतु एक टिकलें आणि दुसरें पडलें. हा दृष्टांत ऐकतांना आपल्या मनांत सहज येतें कीं, आपण तर खडकावरच आहों. आपला बाप्तिस्मा झाला आहे, मंडळीच्या वहींत आपलें नांव आहे, घरांत पवित्र शास्त्रही आहे. मग आपल्यास भय कसलें?

आज तुम्हांस एका दूरच्या लहान खेड्याची हकीकत सांगावयाची आहे. त्या खेड्याभोंवतीं खडकांस तोटा नाहीं. तेथें एका खडकावर राजानें किल्ला बांधिला, आणि तो पडला. तेथेंच एका विधवेची झोंपडी होती, तीही पडली. तथापि त्या खेड्यांतून एक वस्तु निघाली, ती अद्याप पडलेली नाहीं. ती कोणती, हें समजलें म्हणजे प्रभूनें कोणता खडक मनांत धरून तो दृष्टांत सांगितला हेंही आपल्यास समजेल.

ब्रिटन बेटाच्या पश्चिमेस वेल्स नांवाचा डोंगराळ प्रांत आहे. तेथील लोकांची स्वतःची वेल्श भाषा आहे. ती इंग्रजीहून अगदीं निराळी. या प्रांताच्या वायव्य भागांत कादेर इद्रिस नांवाचा सुमारें २,९३० फूट उंचीचा पर्वत आहे, आणि त्याच्या दक्षिणेकडील पायथ्याशीं ल्लानविहांगेल-अ-पेनान्त हें गांव आहे. नांव लांबलचक आहे, पण त्याचा अर्थ सोपा आहे : दरीच्या माथ्यावरील मीखाएलाचें मंदिर. नांवाप्रमाणेंच गांव. एक जुनें दगडी उपासनामंदिर, त्याभोंवतीं कबरस्थान, थोडींशीं घरें, मेंढरांचीं कुरणें आणि दरींतून वाहणारी नदी. वाटसरू चालतां चालतां ओलांडून जाईल एवढेंच तें गांव आहे.

गांवाजवळ एका उंच खडकावर कॅस्टेल-अ-बेरे या किल्ल्याचे अवशेष आहेत. ल्लेवेलिन अब इओरवेर्थ, ज्यास लोक थोरला ल्लेवेलिन म्हणतात, त्या वेल्श राजानें १२२१ सालीं हा किल्ला बांधण्यास आरंभ केला. त्या वर्षीं त्यानें आपल्या पुत्राकडून, ग्रिफिथकडून, हा मुलूख काढून घेतला होता, आणि तो आपल्या हातीं राहावा म्हणून हा किल्ला उभारिला. बंधूंनो, पाया खडकाचाच होता. पण त्या खडकाखालीं बापलेकांतील वैर होतें.

पुढें काय झालें? १२८३ च्या एप्रिल महिन्यांत इंग्रज राजा पहिला एडवर्ड याच्या सैन्यानें वेढा घालून तो किल्ला घेतला. त्याच सालीं वेल्सचा शेवटचा स्वतंत्र राजपुत्र दाविद पकडला गेला व त्यास देहांत शिक्षा झाली. एडवर्डानें किल्ल्याच्या पायथ्याशीं एक नवें नगर वसवावें म्हणून १२८४ सालीं सनद दिली. परंतु १२९४ सालीं वेल्श लोकांनीं बंड केलें, किल्ल्यास पुनः वेढा पडला, आणि त्यानंतर तो ओस पडला तो कायमचा. वेल्श राजाचा अधिकार गेला, इंग्रज राजाचा हेतूही गेला. पाऊणशें वर्षांच्या आंतच सर्व आटोपलें. जेथें शिपाई पहारा करीत तेथें आतां मेंढरें चरतात.

तर मग खडकावर बांधिलेलें पडत नाहीं, असें प्रभूनें म्हटलें होतें काय? दृष्टांत पुनः नीट वाचा. प्रभूनें दगडाविषयीं कांहीं सांगितलें नाहीं. त्याचीं वचनें ऐकून त्यांप्रमाणें जो वागतो, तोच खडकावर घर बांधितो, असें त्यानें सांगितलें. आतां या गांवांतील दुसऱ्या घराकडे चला.

नदीकांठीं टीन-अ-धोल नांवाची एक लहान झोंपडी होती. तींत जेकब जोन्स नांवाचा विणकर राहत असे. त्यास १७८४ च्या डिसेंबर महिन्यांत एक कन्या झाली. तिचें नांव मेरी. मेरी सुमारें चार वर्षांची असतांना तिचा बाप वारला, आणि आईनें गरिबींत तिचा सांभाळ केला. त्या घरांत पवित्र शास्त्र नव्हतें. विकत घेण्याचें सामर्थ्यही नव्हतें, आणि सामर्थ्य असतें तरी वेल्श भाषेंतील शास्त्राची प्रत मिळणें त्या काळीं सोपें नव्हतें.

येथें थोडा मागचा इतिहास सांगणें अवश्य आहे. वेल्श भाषेंत नवा करार १५६७ सालीं छापला गेला. संपूर्ण शास्त्र १५८८ सालीं निघालें; तें विल्यम मॉर्गन या एका खेड्यांतील पाळकानें सिद्ध केलें. परंतु पुस्तक छापलें म्हणजे तें गरिबाच्या घरीं पोहोंचतेंच असें नाहीं, आणि घरीं पोहोंचलें तरी वाचतां आलें पाहिजे. यास्तव ग्रिफिथ जोन्स नांवाच्या पाळकानें १७३१ च्या सुमारास फिरत्या शाळा सुरू केल्या. मास्तरानें एका गांवीं कांहीं महिने राहावें, लेंकरांस व प्रौढांस त्यांच्याच भाषेंत शास्त्र वाचण्यास शिकवावें, आणि मग पुढच्या गांवीं जावें, अशी ती रीत होती. १७६१ सालीं तो वारला, आणि पुढें त्या शाळा बंद पडल्या. नंतर बाला गांवचे रेव्हरंड टॉमस चार्ल्स यांनीं १७८५ च्या सुमारास तेंच काम पुनः हातीं घेतलें. शिकविणारे मिळेनात, म्हणून आरंभीं त्यांनीं स्वतः माणसें तयार केलीं. अशीच एक शाळा मेरीच्या घरापासून सुमारें दोन मैलांवर आबरगनॉल्विन या गांवीं भरूं लागली, आणि तेथें ती मुलगी वाचावयास शिकली.

उपदेशक बंधूंनो, येथें क्षणभर थांबा. मेरीचें नांव आज पृथ्वीच्या पुष्कळ भागांत ठाऊक आहे. तिला पहिलीं अक्षरें दाखविणाऱ्या त्या मास्तराचें नांव तुमच्यापैकीं कोणीं ऐकिलें आहे काय? तो कांहीं महिने आला, थंडीपावसांत शिकवून पुढच्या गांवीं गेला. आपल्या हातून काय झालें हें त्यास मरेपर्यंत कळलें असेल किंवा नसेल. पण त्यानें तें अक्षर शिकविलें नसतें, तर पुढील सर्व कथा घडलीच नसती.

वाचतां येऊं लागल्यावर मेरीची भूक वाढली. दोन मैलांवर एका शेतकऱ्याच्या घरीं शास्त्राची प्रत होती. तेथें जाऊन ती वाचीत असे, आणि घरीं स्वतःची प्रत असावी म्हणून लहानसहान कामें करून पैसे सांठवीत असे. हें सांठविणें सहा वर्षें चाललें असें सांगतात. इतक्यांत १७९९ सालीं वेल्श शास्त्राची नवी आवृत्ति छापून निघाली, आणि तिच्या कांहीं प्रती बाला येथें चार्ल्स यांच्याकडे मिळतील असें कळलें. तेव्हां १८०० सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षांत, ती मुलगी एकटीच डोंगरांच्या वाटेनें बाला गांवीं गेली. ही वाट पंचवीस मैलांहून अधिक आहे, म्हणजे आपल्या हिशेबानें बारा-तेरा कोस. ती अनवाणी चालली अशी आठवण आहे.

बाला येथें काय घडलें याविषयीं निरनिराळ्या आठवणी आहेत. कोणी म्हणतात कीं, सर्व प्रती दुसऱ्यांसाठीं राखून ठेविल्या होत्या, परंतु मुलीचें रडणें पाहून चार्ल्स यांनीं त्यांतील एक तिला दिली. कोणी म्हणतात कीं, तिला दोन दिवस थांबावें लागलें, आणि प्रती आल्यावर एकीच्या मोलानें तीन मिळाल्या. ही कथा पुस्तकरूपानें १८७९ सालीं प्रसिद्ध झाली. तेव्हां घडल्या गोष्टीस जवळजवळ ऐंशीं वर्षें लोटलीं होतीं, यास्तव आठवणींत भेद पडावा यांत नवल नाहीं. परंतु मुख्य गोष्टीविषयीं संशय नाहीं. मेरीची ती प्रत आजही केंब्रिज येथील विद्यापीठाच्या ग्रंथालयांत जपून ठेविलेली आहे, आणि आपण ती वयाच्या सोळाव्या वर्षांत विकत घेतली असें मेरीनें स्वतःच्या हातानें तींत लिहून ठेविलें आहे.

१८०२ च्या डिसेंबर महिन्यांत चार्ल्स लंडन शहरीं गेले, आणि एका ख्रिस्ती मंडळाच्या सभेंत त्यांनीं आपल्या लोकांची शास्त्राविषयींची टंचाई मांडली. सभेंतील जोसेफ ह्यूज नांवाच्या पाळकानें विचारिलें कीं, वेल्ससाठीं जर मंडळी स्थापावयाची, तर सर्व राज्यासाठीं आणि सर्व जगासाठीं कां स्थापूं नये? त्या प्रश्नांतून १८०४ च्या मार्च महिन्याच्या ७ व्या तारखेस ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटी स्थापन झाली. तिनें छापविलेला वेल्श नवा करार १८०६ सालीं निघाला.

मेरीच्या झोंपडीच्या जागीं रविवारच्या शाळांनीं एक दगडी स्मारक उभारिलें आहे, आणि मेरीच्या त्या चालण्यामुळेंच बायबल सोसायटी निघाली, अशा आशयाचा लेख त्यावर आहे. प्रीतीनें लिहिलेले शब्द थोडे अधिक बोलून जातात. खरें पाहतां चार्ल्स हे पुष्कळ वर्षें शास्त्राच्या प्रतींसाठीं खटपट करीत होते; अशा शाळांतून हजारों लोक वाचूं लागले होते, आणि त्या सर्वांची भूक त्यांना ठाऊक होती. एका पावसाच्या थेंबानें नदीस पूर येत नाहीं. परंतु जे थेंब मिळून पूर आला, त्यांतील एकाचें नांव आपल्यास ठाऊक आहे, एवढें मात्र निश्चित. आणि यांत मेरीची योग्यता कमी होत नाहीं. उलट आपल्यास धीर येतो. कारण देव एकाच विलक्षण मुलीची वाट पाहत बसला नव्हता. तुमच्याआमच्यासारख्या अनेकांच्या भुकेनें त्यानें हें काम केलें.

आपल्या मराठी मंडळ्यांचाही या कथेशीं संबंध आहे. मराठी नवा करार १८११ सालीं बंगाल्यांत श्रीरामपूर येथें छापला गेला. १८१३ सालीं मुंबईंत बायबल सोसायटीची शाखा निघाली, आणि तेव्हांपासून मराठी शास्त्राचें भाषांतर तपासणें, तें छापणें व स्वस्त किंमतीस गांवोगांव पोहोंचविणें हें काम चालत आलें. पंडिता रमाबाईंनीं आयुष्याच्या अखेरीपर्यंत, १९२२ सालापर्यंत, बायकामुलांस समजेल अशा सोप्या मराठींत शास्त्राचें भाषांतर करण्याचा परिश्रम केला, त्याच्या मुळाशींही हीच कळकळ होती. जी प्रत आज आपल्या घरीं आहे, ती पुष्कळांच्या पायपिटीनें येथवर आली आहे.

परंतु बंधुभगिनींनो, माझें खरें सांगणें अजून पुढेंच आहे. मेरीची कथा सांगणारे बहुतेक जण ती शास्त्र उराशीं धरून घरीं परतली येथें थांबतात. लेंकरांस सांगावयास तें पुरे आहे. पण मेरी परतली तेव्हां सोळा वर्षांचीही पुरी नव्हती, आणि ती वारली १८६४ सालीं. शास्त्र मिळविण्यास कांहीं वर्षें व एक प्रवास लागला. तें घरांत ठेवून जगण्यास चौसष्ट वर्षें होतीं. त्या चौसष्ट वर्षांविषयीं आपण कधीं विचारितों काय?

त्या वर्षांत ती श्रीमंत झाली नाहीं. १८१३ सालीं तिचें लग्न एका विणकराशीं झालें, आणि पुढें ब्रिनक्रिग या जवळच्या गांवीं तिनें संसार केला. गरिबी बापाच्या घरीं होती, तशी नवऱ्याच्या घरींही राहिली. तिला मुलें झालीं, त्यांपैकीं बहुतेकांस तिनें आपल्या डोळ्यांदेखत कबरेंत ठेविलें. ती मधमाशा पाळीत असे, आणि त्यांच्या उत्पन्नांतून बायबल सोसायटीस वर्गणी देत असे, असें सांगतात. १८५४ सालीं चीन देशांत नवे करार पाठविण्यासाठीं वर्गणी गोळा होत होती, तेव्हां त्या वृद्ध बाईनें सोन्याचें नाणें दिलें अशी आठवण आहे. आणि अखेरच्या काळांत तिची दृष्टि गेली. जें पुस्तक वाचण्यासाठीं ती डोंगर ओलांडून गेली, त्याचें एक अक्षरही तिला दिसेनासें झालें.

विचार करा. जर शास्त्र म्हणजे केवळ कागद व शाई असती, तर ज्या दिवशीं तिचे डोळे गेले त्या दिवशीं तिचें सर्व धन गेलें असतें. पण लहानपणापासून जें वाचिलें, पाठ केलें, लेंकरें मेलीं त्या रात्रीं जें आठविलें, ज्याप्रमाणें हात उघडून दान दिलें, तें अंधारांतही जवळ होतें. पाऊस आला, पूर आला, वारा सुटला. तें घर मात्र पडलें नाहीं. हाच तो खडक होय.

टीन-अ-धोल येथील झोंपडीच्या आतां पडक्या भिंतीच तेवढ्या उरल्या आहेत. राजाचा किल्ला पडला आणि विधवेची झोंपडीही पडली. दगडाच्या बाबतींत राजा व विधवा यांत देवानें भेद केला नाहीं. यास्तव कोणी असें समजूं नये कीं, भक्तिमान माणसाचें घर, शेत किंवा आयुष्य नित्य टिकतें. टिकतें तें निराळेंच.

त्या दरींत आणखी एक खूण आहे, तीही सांगून पुरें करितों. गांवाच्या खालच्या अंगास क्रैग-अर-आदेरिन, म्हणजे पक्ष्यांचा खडक, नांवाचा मोठा कडा आहे. त्यावर पाणकावळे घरटीं करितात. पाणकावळा हा समुद्रकांठचा पक्षी. आणि समुद्र तर आतां तेथून कित्येक मैल दूर आहे. जाणते लोक सांगतात कीं, प्राचीन काळीं समुद्राचें पाणी त्या दरींत कड्यापर्यंत येत असे. हळूहळू पाणी मागें हटलें, त्या जागीं कुरणें झालीं. परंतु पांखरांनीं खडक सोडिला नाहीं. अन्नासाठीं तीं दूर उडून जातात, आणि पिलांसाठीं खडकावर परत येतात.

आपल्या खेड्यांतील मंडळ्यांची स्थितीही कित्येक ठिकाणीं अशीच नाहीं काय? एके काळीं मिशनची शाळा होती, ती बंद झाली. तरुण माणसें पोटासाठीं शहरांस गेलीं. पाळक महिन्यांतून एकदां येतात. पाणी मागें हटलें आहे. अशा वेळीं कोणी म्हणतो, आतां येथें काय राहिलें? त्यानें त्या पांखरांकडे पाहावें. अन्न लांब गेलें म्हणून तीं उपाशीं मरत नाहींत, आणि खडकही सोडीत नाहींत. मेरीच्या घरींही अन्न नव्हतें. तें पंचवीस मैलांवर होतें, आणि ती तेथें गेली.

आतां आपआपल्या घरीं पाहूं. पुष्कळ घरांत पवित्र शास्त्र आहे, पण तें स्वच्छ फडक्यांत बांधून जमिनीच्या कागदांबरोबर पेटींत ठेविलेलें असतें. लग्नांत व प्रेतक्रियेच्या वेळीं तें बाहेर निघतें. आपण त्यास मान देतों हें खरें. पण बंद ठेविलेलें शास्त्र त्या ओस किल्ल्यासारखें आहे. तें उंचावर आहे, पण आंत कोणी राहत नाहीं.

यास्तव मी तीन गोष्टी विनवितों. पहिली ही कीं, ज्या घरांत वाचणारें एक तरी माणूस आहे, तेथें रोज दिवेलागणीस थोडा भाग मोठ्यानें वाचला जावा. आणि वाचणारी मुलगी असेल तर तिलाच वाचूं द्यावें. मेरीच्या आईनें मुलीस, घरचें काम कोण करील, असें म्हणून शाळेंतून बसवून घेतलें असतें, तर आज ही कथा सांगण्यास नसती. आपल्या मुलींस चौथ्या पुस्तकानंतर घरीं बसविणाऱ्या बापांनीं हें मनांत आणावें.

दुसरी ही कीं, ज्यास वाचतां येत नाहीं त्यानें आपण बाहेरचे आहों असें समजूं नये. ऐकून पाठ करावें. डोळे गेल्यावर मेरीजवळ जें उरलें, तें सर्व पाठ केलेलेंच होतें. आज जें वचन तुम्ही अंतःकरणांत ठेवाल, तें उद्यां आजारांत, म्हातारपणांत, एकटेपणांत कामास येईल.

तिसरी विनंति उपदेशक व मास्तर बंधूंस आहे. तुमच्या शाळेंत पांचच लेंकरें येतात म्हणून खिन्न होऊं नका. कदाचित् तुमची बदली होईल, शाळाही मोडेल, आणि तुमचें नांव कोणी लिहून ठेवणार नाहीं. आबरगनॉल्विन येथील त्या फिरत्या शाळेंतही असेंच झालें. परंतु त्या बांकावर कोण बसलें होतें, हें देवास ठाऊक होतें.

ल्लानविहांगेल-अ-पेनान्त हें गांव आजही लहानच आहे. किल्ल्यावर गवत उगवलें आहे, झोंपडीस छप्पर नाहीं, आणि कड्यावर पाणकावळे परत येत आहेत. देवानें त्या गांवास मोठें केलें नाहीं. त्यानें तेथील एका मुलीची भूक भागविली, आणि तींतून इतर अनेकांसाठीं अन्न निघालें. आपलें गांवही लहान आहे. आपल्यास भूक आहे कीं नाहीं, एवढाच प्रश्न आहे.

हे प्रभो, तुझें वचन आमच्या घरांत आहे; तें आमच्या अंतःकरणांतही असूं दे. दृष्टि आहे तोंवर आम्हांस वाचूं दे, आणि दृष्टि गेली तरी तुझ्या वचनाप्रमाणें चालूं दे. आमेन.